सौरज्वाळेचं अतिनील चित्र कसं वाचायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ३ ऑक्टोबर २०२४ ला सूर्यावर एक्स ९.० वर्गाची (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) ज्वाळा उफाळली. सूर्यावर सतत नजर ठेवणाऱ्या नासाच्या एसडीओ उपग्रहानं टिपलेल्या तिच्या चित्रफिती पाहिल्या. हिरवट-निळ्या फितीत ती लगेच दिसते, सोनेरी फितीत कमानी बऱ्याच उशिरा उमटतात, आणि ऐन भरात पांढरा डाग व त्यातून फुटलेली फुली दिसते. यातलं खरं काय मानायचं? आणि हे सगळं अवकाशातूनच, तेही अतिनील प्रकाशातच का पाहायचं?

फुलीचं आधी उरकून घेऊ. ती सूर्यावर नाही, दुर्बिणीत आहे. एसडीओवरच्या एआयए या उपकरणात चार दुर्बिणी आहेत. सूर्याचा दृश्य प्रकाश आत शिरू नये म्हणून त्यांच्या तोंडाशी धातूची पटलं बसवलेली असतात, बहुतेक ॲल्युमिनियमची. त्यांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बरीच कमी. इतकं नाजूक पटल प्रक्षेपणाचे हादरे एकट्यानं सोसणार नाही, म्हणून त्याला बारीक जाळीचा आधार दिलेला असतो. या जाळीवर प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे तो कडांपाशी वळून पसरतो. एरवी विवर्तित प्रकाश इतका मंद असतो की तो कुणाला जाणवत नाही. मोठ्या ज्वाळेत मात्र मूळ ठिपकाच इतका प्रखर होतो की त्याच्या अंशमात्र प्रती रांगेनं उमटतात आणि फुली दिसते. उभी पांढरी रेघ हा आणखी वेगळा प्रकार. सीसीडीच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, एका पिक्सेलमध्ये मावतील तेवढे इलेक्ट्रॉन जमले की पेला भरून वाहावा तसे पुढचे इलेक्ट्रॉन त्याच स्तंभातल्या वरखालच्या पिक्सेलमध्ये सांडतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्वाळेच्या चित्रातली सर्वांत तेजस्वी जागा हीच सर्वांत कमी माहिती देणारी जागा असते. तिथे किती प्रकाश होता हे त्या चित्राला ठाऊकच नसतं, फक्त ‘माझ्या मापाबाहेर’ एवढंच ते सांगतं. माझ्या मते ज्वाळांचं अतिनील निरीक्षण शिकणाऱ्यानं पहिल्याच दिवशी हे मनावर कोरून घ्यावं, कारण डोळा नेमका त्या डागाकडेच ओढला जातो.

अर्थात यावर उपाय केलेले आहेत. ज्वाळा सुरू झाली की एआयए आपोआप दर दुसऱ्या चित्राचं एक्स्पोजर कमी करतं. त्यामुळे एक चित्र भरून वाहिलेलं आणि पुढचं जरा अंधारं पण वाचता येण्याजोगं, अशी जोडी मिळते. एक्स्पोजरच्या कालावधीनं भागाकार न करता बनवलेल्या फितीत ज्वाळा लुकलुकते. ही लुकलुक पाहून सूर्यावर काहीतरी स्पंदन चाललंय असा निष्कर्ष काढू नका. गंमत म्हणजे ज्या विवर्तनाला आपण नावं ठेवली, तेही कामाला येतं. फुलीतल्या मंद प्रती मापाबाहेर गेलेल्या नसतात, म्हणून त्यांच्यावरून उलट गणित करून मधल्या डागातलं मूळ तेज काढण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत. सोलर ऑर्बिटर यानानं मार्च-एप्रिल २०२४ मध्ये मोठ्या ज्वाळांसाठी खास मोहीम राबवली, तेव्हा त्यावरच्या ईयूआय या अतिनील दुर्बिणीनं अगदी छोट्या एक्स्पोजरची चित्रंही मुद्दाम घेतली. बाकी प्रभामंडळ, म्हणजे सूर्याचं बाहेरचं तप्त वातावरण, त्यांत काळंकुट्ट दिसतं, पण ज्वाळेचा गाभा शाबूत राहतो.

आता अवकाशातूनच का? सुमारे ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी ओझोन अडवतो, २०० च्या खाली ऑक्सिजनचे रेणू अडवतात, आणि १०० च्या खाली तर वातावरणातला जवळजवळ प्रत्येक अणू-रेणू त्या प्रकाशानं आयनित होतो, त्याचा इलेक्ट्रॉन सुटतो, त्यामुळे तो प्रकाश शंभरेक किलोमीटर उंचीच्या आसपासच संपतो. डोंगरमाथा इथे काही कामाचा नाही. मोठ्या फुग्यातून २०० नॅनोमीटरच्या किंचित वरचा भाग कसाबसा मिळतो, पण ज्वाळेच्या खऱ्या तप्त भागासाठी त्याचाही उपयोग नाही. १० ऑक्टोबर १९४६ ला अमेरिकेतल्या व्हाइट सँड्स इथून उडालेल्या व्ही-२ रॉकेटवर रिचर्ड टाउसी यांच्या गटानं वर्णपटमापक बसवला होता. रॉकेट चढत गेलं तसतसा सूर्याचा वर्णपट अतिनील बाजूला लांबत गेल्याचं फिल्मवर उमटलं. ओझोनचा पडदा खाली मागे राहत गेल्याचा तो थेट पुरावा होता. पुढे १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवरच्या अंतराळवीरांनी अतिनील चित्रं घेतली, तीही फिल्मवरच, आणि ती फिल्म त्यांनी पृथ्वीवर परत आणली.

अतिनीलच का, हा मला जास्त महत्त्वाचा प्रश्न वाटतो. कॅरिंग्टन आणि हॉजसन यांनी १ सप्टेंबर १८५९ ला साध्या दृश्य प्रकाशात ज्वाळा पाहिली होती, पण तो अपवादात्मक प्रकार. दृश्य प्रकाशात सूर्याचा सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा पृष्ठभाग इतका झळाळतो की ज्वाळेची भर त्यात बुडून जाते. २८ ऑक्टोबर २००३ ची एक्स १७ वर्गाची ज्वाळा घ्या, अलीकडच्या काळातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तिनं सूर्याच्या एकूण तेजात घातलेली भर ०.०३ टक्के एवढीसुद्धा नव्हती. तेच टोकाच्या, म्हणजे सर्वांत आखूड लहरींच्या, अतिनील प्रकाशात पाहिलं तर पृष्ठभाग काळा पडतो. ५,८०० केल्विनच्या वायूला त्या लहरी सोडणं जमतच नाही. उरतो तो फक्त तप्त प्लाझ्मा, म्हणजे आयनित वायू. ज्वाळा तिथे पार्श्वभूमीच्या कित्येक पटींनी उजळते. म्हणजे चांगला कॉन्ट्रास्ट मिळावा म्हणून लहरलांबी निवडली तर उत्तर अतिनील, आणि अतिनील म्हटलं की अवकाश. निवड अशी उलट्या क्रमानं ठरते.

आता तुमच्या मूळ कोड्याकडे येऊ. हिरवट-निळी फीत १३१ अँगस्ट्रॉमची, सोनेरी १७१ ची (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). रंग नंतर भरलेले आहेत, चॅनेल ओळखता यावेत म्हणून ठरवलेले. प्रत्येक चॅनेल वर्णपटाचा एक अरुंद तुकडा घेतं, आणि त्या तुकड्यात बहुधा लोहाच्या एखाद्या आयनाची (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूची) रेषा, म्हणजे ठरावीक लहरलांबीचा प्रकाश, जोरकस असते. लोहाचे किती इलेक्ट्रॉन निघून गेलेत हे तापमानावर ठरतं, त्यामुळे चॅनेल निवडणं म्हणजे तापमान निवडणं. ज्वाळेच्या वेळी १३१ मध्ये वीस इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह दिसतं, सुमारे १ कोटी केल्विनचं. ९४ मध्ये साधारण ६०-७० लाखांचं, ३३५ मध्ये २५ लाखांच्या आसपासचं, २११ मध्ये २० लाखांचं, १९३ मध्ये १५ लाखांचं आणि १७१ मध्ये ६-८ लाखांचं. ३०४ अँगस्ट्रॉमला हेलियम दिसतो, सुमारे ५० हजार केल्विनचा.

आता घटनाक्रम लावा. प्रभामंडळात चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून नव्यानं जुळतात, म्हणजे पुनर्जोडणी होते. मोकळी झालेली ऊर्जा मुख्यतः वेगवान इलेक्ट्रॉन आणि उष्णता या रूपांत रेषांवरून खाली धावते आणि वर्णगोलाच्या, म्हणजे पृष्ठभागालगतच्या वातावरणाच्या, दाट थरावर आदळते. म्हणून सगळ्यांत आधी उजळतात ते कमानींचे पाय. १६०० अँगस्ट्रॉम आणि ३०४ मध्ये ते दोन समांतर, वळणावळणाच्या पट्ट्यांसारखे दिसतात. आदळलेली ऊर्जा वर्णगोलातला वायू तापवते, तो सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं वर उसळतो आणि कमानी भरून टाकतो. ह्या घडीला कमानी १ कोटी केल्विनच्या वर असतात. १३१ मध्ये लखलखतात, १७१ मध्ये जवळजवळ अदृश्य असतात. मग त्या निवू लागतात. ९४, ३३५, २११, १९३ असा एकेक चॅनेल पार करत शेवटी १७१ मध्ये पोचतात. कमान किती लांब आणि तिच्यात वायू किती दाट यावर हा प्रवास काही मिनिटांत आटोपतो किंवा तासाहून जास्त घेतो. सोनेरी फितीतल्या त्या सुबक, बारीक कमानी म्हणजे ज्वाळेची सुरुवात नव्हे, तिची निवत आलेली राख. छापायला मात्र लोक हमखास तेच चित्र निवडतात, आणि दिसायला ते आहेही देखणं. त्यानंतर आणखी निवलेला प्लाझ्मा ३०४ मध्ये थेंबाथेंबानं कमानीवरून खाली ओघळताना दिसतो.

एक बारकावा इथे सुटतो. तुम्हाला १३१ मध्ये दिसलेली कमान आणि नंतर १७१ मध्ये दिसलेली कमान एकच असेल असं नाही. पुनर्जोडणी वर वर सरकत जाते, नव्या कमानी जुन्यांच्या बाहेरून तयार होतात, त्यामुळेच खालचे दोन पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात. एका क्षणी बाहेरच्या कमानी कोवळ्या व तप्त, आतल्या निवलेल्या, असा थर असतो. शिवाय काही ज्वाळांत मुख्य भर ओसरून बराच वेळ गेल्यावर ३३५ मध्ये दुसरं शिखर येतं. एसडीओवरच्याच, सूर्याचा एकूण अतिनील प्रकाश मोजणाऱ्या ईव्हीई उपकरणाच्या नोंदींतून २०११ मध्ये टॉम वुड्स यांच्या गटानं हा उशिराचा टप्पा दाखवून दिला. तो बहुधा शेजारच्या, जास्त लांबीच्या कमानींतून येतो. क्ष-किरणांच्या आलेखावर नजर ठेवून ‘ज्वाळा संपली’ म्हणणाऱ्याला तो दिसतच नाही.

चॅनेल म्हणजे तापमान हे मी वर सरळ सांगून टाकलं, पण त्यात फट आहे. १३१ मध्ये तप्त लोहाच्या जोडीला सुमारे ४ लाख केल्विनच्या लोहाचीही रेषा येते. १९३ मध्ये १५ लाखांच्या सोबत २ कोटी केल्विनची रेषा दडलेली आहे. शांत सूर्यावर ती नसल्यात जमा, ज्वाळेत मात्र डोकं वर काढते. १० सप्टेंबर २०१७ ला सूर्याच्या कडेवर एक्स ८.२ ची ज्वाळा झाली. तेव्हा कमानींच्या माथ्यावरून वर जाणारी एक लांब, सरळ, सडसडीत रेघ १९३ मध्ये स्पष्ट दिसली. पुनर्जोडणीचं सिद्धांतातलं चित्र कुणी जणू बाजूनं काढून दाखवावं तशी. ही रेघ १५ लाख केल्विनची आहे असं समजलं तर सगळी भौतिकी उलटीपालटी होते. हिनोदे या जपानी सौर उपग्रहाच्या वर्णपटमापकानं तिथे अतितप्त लोहाच्या रेषा मोजल्या, म्हणून शंका राहिली नाही. एकाच चॅनेलवरून तापमान सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, किमान दोन-तीन चॅनेल्स शेजारी मांडून बघावीत.

वर्णपट हवाच का, याचं उत्तर याच उदाहरणात आहे. चित्र तेज सांगतं. वर्णपटातली रेषा किती सरकली यावरून वेग कळतो आणि ती किती फुगली यावरून आतली खळबळ. २०१३ मध्ये सोडलेला आयरिस उपग्रह हेच काम करतो. मॅग्नेशियमच्या २७९६ आणि २८०३ अँगस्ट्रॉमच्या रेषांतून वर्णगोल, सिलिकॉनच्या १३९४ आणि १४०३ च्या रेषांतून त्यावरचा संक्रमण-थर, आणि ज्वाळेत १३५४ च्या लोहरेषेतून १ कोटी केल्विनचा प्लाझ्मा. वायू वर उसळतो हे मी वर जे ठामपणे लिहिलं, ते याच लोहरेषेच्या निळ्या बाजूला सरकण्यावरून. अडचण अशी की वर्णपटासाठी प्रकाश एका चिंचोळ्या फटीतून घ्यावा लागतो. आयरिसची फट रुंदीला ०.३३ कोनीय सेकंद, म्हणजे सूर्यावर सुमारे २४० किलोमीटर. फट कुठे रोखायची हे आधी ठरवून आज्ञा पाठवलेल्या असतात, आणि ज्वाळा कुठे, कधी होईल हे कुणालाच अचूक सांगता येत नाही. म्हणून २९ मार्च २०१४ ची एक्स १ ज्वाळा इतकी गाजली. आयरिस, हिनोदे, क्ष-किरण पाहणारा रेसी उपग्रह, एसडीओ आणि जमिनीवरची डन सौर दुर्बीण या सगळ्यांचा नेम एकाच वेळी तिथे होता. वाट पाहण्याची टोकाची तऱ्हा म्हणजे १७ एप्रिल २०२४: अलास्कात दोन रॉकेटं उड्डाणमंचावर तयार ठेवली होती, ज्वाळा सुरू झाल्याचं दिसलं तेव्हाच ती सोडली, आणि एम १.६ वर्गाच्या (एम हा एक्सच्या खालचा वर्ग) ज्वाळेची निरीक्षणं मिळाली. एका फटीऐवजी ३५ फटी एकदम वापरणाऱ्या म्यूज मोहिमेची तयारी सुरू आहे. ती यशस्वी झाली तर नेम चुकण्याचं हे दुखणं बरंच कमी होईल.

दोन लहरपट्ट्यांमधली एक जागा बराच काळ रिकामी होती. टोकाच्या अतिनील पट्ट्यातली चित्रं भरपूर, दृश्य प्रकाशातलीही आहेत, पण २०० ते ४०० नॅनोमीटर या जवळच्या अतिनील भागात सूर्याची अख्खी तबकडी नेमानं कुणी पाहत नव्हतं. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या इस्रोच्या आदित्य एल-१ यानावरची ‘सूट’ दुर्बीण त्यासाठीच बनवली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली, तिच्यात ११ फिल्टर आहेत, आणि ६ जानेवारी २०२४ पासून यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर एल-१ या सूर्य-पृथ्वी रेषेवरच्या बिंदूभोवतीच्या कक्षेत आहे. २२ फेब्रुवारी २०२४ च्या एक्स ६.३ ज्वाळेत तिनं या पट्ट्यात खालच्या थरांमधला तेजस्वी गाभा टिपला. मला यात रस आहे तो हिशेबासाठी. ज्वाळेची ऊर्जा जाते कुठे हा जमाखर्च मांडायचा तर मोठा वाटा जवळचा अतिनील आणि दृश्य प्रकाश यांच्या खात्यावर पडतो, आणि नेमक्या त्याच खात्याच्या नोंदी अपुऱ्या होत्या. एल-१ वरून पृथ्वीची सावलीही आड येत नाही. एसडीओला वर्षातून दोनदा काही आठवडे रोज थोडा वेळ पृथ्वी सूर्य झाकते. चित्रफितीत अचानक अंधार दिसला तर तारीख तपासा.

आता उपकरणांच्या म्हातारपणाबद्दल, कारण आकडे काढायला बसलात की हे आडवं येतं. यानाच्या भागांतून सुटणारी सेंद्रिय रेणूंची वाफ आरशांवर, पटलांवर बसते आणि अतिनील प्रकाशानंच तिथे पक्की चिकटते. एआयएच्या ३०४ चॅनेलची संवेदनशीलता अशीच पुष्कळ घसरली आहे. त्यामुळे २०१० ची ज्वाळा आणि २०२४ ची ज्वाळा यांचं कच्चं तेज शेजारी ठेवून तुलना करणं चूक. घसरण मोजण्यासाठी ताज्या, प्रयोगशाळेत तपासलेल्या उपकरणासह छोटी रॉकेटं अधूनमधून उडवतात आणि त्यांच्या मापांवरून जुन्या उपकरणाची दुरुस्ती ठरते. दुरुस्तीचे गुणांक उपलब्ध आहेत, ते लावायचा आळस करू नका.

आणखी एक सापळा आहे, आणि तो मला सगळ्यांत लबाड वाटतो. वैश्विक किरण किंवा प्रोटॉन सीसीडीवर आपटले की एकटेदुकटे पिक्सेल चमकतात. सोहो या सौर यानाच्या चित्रांत मोठ्या ज्वाळेनंतर जी पांढरी भुरभुर दिसते ती हीच. एआयएच्या प्रक्रियेत असे टोचे आपोआप पुसले जातात. पण ज्वाळेच्या पायाशी उमटणारा छोटा, तीव्र, क्षणिक ठिपका प्रोग्रॅमला तसाच टोचा वाटतो, आणि तोही पुसला जातो! म्हणजे भरून वाहिलेल्या डागाखेरीज, स्वच्छ दिसणाऱ्या चित्रातूनही गाभ्याची माहिती गळालेली असू शकते. सुदैवानं पुसलेले पिक्सेल वेगळ्या फाइलमध्ये जपलेले असतात. ज्वाळेवर काम करताना ते परत घालून पाहायचेच.

एक्स ९.० हा वर्ग अतिनील चित्रावरून ठरत नाही, तो गोज या अमेरिकी हवामान उपग्रहांनी १ ते ८ अँगस्ट्रॉममध्ये मोजलेल्या क्ष-किरणांवरून ठरतो. १७१ मध्ये साधारण दिसणारी ज्वाळा एक्स वर्गाची असू शकते, आणि १७१ मध्ये नेत्रदीपक दिसणारी एम वर्गाची.

३ ऑक्टोबरच्या ज्वाळेवर स्वतः हात चालवायचा असेल तर रंगीत चित्रफीत नजर टाकण्यापुरतीच वापरा. तिच्यात तेजाचे टप्पे दाबून २५६ छटांत बसवलेले असतात, त्यातून मोजमाप निघत नाही. मूळ फिट्स फाइल (खगोलशास्त्रातल्या मोजमापांची प्रमाण फाइल) उतरवा, पायथनमधलं सनपाय किंवा आयडीएलमधलं सोलरसॉफ्ट वापरा, प्रत्येक चित्र त्याच्या एक्स्पोजरनं भागा, मापाबाहेर गेलेले पिक्सेल वगळा. मग कमानींच्या माथ्यावरचा एक छोटा चौकोन निवडून १३१, ९४, ३३५, २११, १९३ आणि १७१ मधलं तेज वेळेनुसार एकाच आलेखावर काढा, सोबत गोजचा आलेख ठेवा. शिखरं एकामागून एक सरकताना दिसली पाहिजेत. १९३ चं शिखर दोनदा आलं, एकदा सुरुवातीला आणि एकदा रांगेत आपल्या जागी, तर गोंधळू नका. पहिलं २ कोटी केल्विनचं असण्याची दाट शक्यता आहे. ते तपासण्यासाठी त्याच वेळचं १३१ पाहा.